रंगाआधीचे काम

पुण्याहून नगरकडे जाणारा हमरस्ता कोरेगावाजवळ भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात प्रवेश करतो आणि थोड्याच अंतरावर मौजे सणसवाडी लागते. तेथून शिक्रापूर व पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत येथपर्यंत जे कारखाने पसरले आहेत, त्यांतील कित्येकांत वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भाग पाडणे किंवा पत्र्यावर रंगाचे थर चढवणे हीच रोजच्या पाळीची कामगिरी असते. मोल्डिंग, रनर, प्रायमर, ओव्हरस्प्रे हे शब्द येथील तरुणांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. जपानी बनावटीच्या प्लास्टिक यंत्रमानवांचे संच जोडण्याचा व रंगवण्याचा जो छंद आपल्याकडील मुलांपर्यंत येऊन पोहोचला आहे, त्याला लागणारी निम्मी विद्या या पट्ट्यात अगोदरच नांदते आहे. आणि ती विद्या मुख्यतः रंगाची नसून रंगापूर्वीच्या सिद्धतेची आहे, हे नवशिक्याने प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

या संचांचा उगम ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'मोबाइल सूट गंडम' या चित्रमालिकेत आहे. योशियुकी तोमिनो हे तिचे दिग्दर्शक आणि यंत्रमानवांचे रूप रेखाटणारे कुनियो ओकावारा. बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये पहिला संच अवघ्या ३०० येनांना विक्रीस काढला. तो पांढऱ्या प्लास्टिकचा होता. त्याला गोंद लावावा लागे आणि रंग द्यावाच लागे. पुढे भाग एकमेकांत दाबून बसवण्याची व प्रत्येक भाग त्याच्या मूळ रंगाच्या प्लास्टिकात ओतण्याची पद्धत सुधारत गेली, आणि १९९० साली 'हाय ग्रेड', १९९५ साली 'मास्टर ग्रेड', तर १९९८ साली 'परफेक्ट ग्रेड' असे दर्जे ठरले. कथेतील गंडम १८ मीटर उंच. म्हणून १/१४४ प्रमाणातील हाय ग्रेडचा पुतळा साडेबारा सेंटिमीटर, १/१०० प्रमाणातील मास्टर ग्रेडचा १८ आणि १/६० प्रमाणातील परफेक्ट ग्रेडचा ३० सेंटिमीटर भरतो. नवशिक्याने हाय ग्रेडच घ्यावा. मोठ्या संचाचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्यातील शेकडो भाग घासता घासता उत्साह मावळतो.

संच मूळचाच रंगीत असताना त्यावर आणखी संस्कार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे, की नुसत्या जोडलेल्या पुतळ्याच्या अंगावर प्लास्टिकची ओशट चकाकी राहते आणि जेथून भाग तोडला तेथे पांढुरके व्रण राहतात. हे दोन दोष नाहीसे झाले, की तोच जिन्नस पाहणाऱ्याला धातूचा, वजनदार भासू लागतो. माझ्या मते यातला अधिक वाटा व्रण काढण्याचा आहे.

प्रत्येक भाग ज्या चौकटीला चिकटलेला येतो तिला रनर म्हणतात, व ज्या बारीक देठाने तो चिकटलेला असतो त्याला गेट. भाग पिरगाळून तोडला, तर प्लास्टिक ताणले जाऊन आतपर्यंत पांढरे पडते आणि ती पांढुरकी खूण घासूनही सहजी जात नाही. यास्तव पातळ पात्याच्या कटरने पहिला छेद भागापासून दूर घ्यावा, दुसरा जवळ घ्यावा, तरीही किंचित देठ राहू द्यावा, आणि तो धारदार सुरीने अगदी पातळ पापुद्रे काढीत उतरवावा. त्यानंतर पॉलिश पेपर ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १००० असा चढत्या क्रमाने पाण्यात भिजवून फिरवावा. मधला नंबर गाळला, तर जाड कागदाच्या रेघा रंगाखालून डोकावतात. साच्याचे दोन अर्ध जेथे मिळतात तेथे जी बारीक शिवण उमटते तीही याच वेळी काढावी. सारे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातील तेल किंवा बोटांचा घाम राहिला तर रंग धरत नाही. कारखान्यातही रंगाच्या खोलीपूर्वी धुण्याचा विभाग असतो तो उगाच नव्हे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारागिरांचा शिरस्ताही हाच: मूर्ती घासून गुळगुळीत होईपर्यंत रंगाला हात लागत नाही, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते.

रंगच द्यावयाचा असेल, तर आधी प्रायमरचा पातळ हात द्यावा. राहून गेलेला ओरखडा त्याखाली लपत नाही, उलट उठून दिसतो, आणि परत घासण्याची संधी मिळते. फवारा वीस ते तीस सेंटिमीटरांवरून, भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. एका जाड थराने ओघळ येतात. तेच काम तीन पातळ थर नीट करतात. रिकाम्या झालेल्या रनरचे तुकडे फेकू नयेत: कारखान्यात चाचणीसाठी पट्टी रंगवून पाहतात, तशी प्रत्येक रंगाची व थिनरची परीक्षा आधी त्या तुकड्यांवर करावी. एअरब्रशची खरेदी मात्र निदान पहिल्या वर्षी मनातून काढून टाकावी.

अंगावरील खाचांत गडद रेषा भरण्याचे काम पुतळ्यात जीव आणते. त्यासाठी बारीक मार्कर पुरतो. इनॅमल रंग वापरणाऱ्याने एक खबरदारी अवश्य घ्यावी: त्याचा थिनर सांध्यांतील एबीएस प्लास्टिकात झिरपला, की ताणाखाली असलेला भाग तडकतो. लॅकरचा फवारा इनॅमलवर मारल्यास खालचा थर विरघळतो. म्हणून लॅकर खाली, इनॅमल वर, हा क्रम पाळावा. अखेरीस मॅट टॉपकोट. तो पारदर्शक भागांवर पडला तर ते धुरकट होतात, म्हणून डोळ्यांची काच आधी काढून ठेवावी.

आता आपल्या हवेविषयी. आषाढ-श्रावणात, हवा ओलाव्याने जड झालेली असताना, फवारलेला थर पांढुरका पडतो; चैत्र-वैशाखाच्या उन्हात रंगाचे थेंब हवेतच सुकून पृष्ठभाग खरबरीत होतो. कार्तिकापासून माघापर्यंतचा, दव उतरल्यानंतरचा दुपारपूर्वीचा समय उत्तम. सणसवाडीत बाहेरगावाहून आलेली पुष्कळ कुटुंबे एका खोलीत राहतात, त्याच खोलीत गॅसची शेगडी असते; अशा ठिकाणी फवारणी कदापि करू नये, कारण फवाऱ्याच्या डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो. गच्चीवर जावे, हमरस्त्याची धूळ अडवण्यासाठी पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात फवारावे, आणि सेंद्रिय वाफा शोषणारा मुखवटा लावावा. धुळीचा साधा मास्क वाफा अडवीत नाही.

ज्या बांधवांची हयात या पट्ट्यातील पेंट शॉपमध्ये गेली आहे, त्यांना माझी विनंती आहे: शेजारच्या मुलाने असा संच आणलेला दिसला, तर साप्ताहिक सुटीच्या दिवशी तासभर त्याच्यापाशी बसावे, आणि ओला पॉलिश पेपर कसा फिरवायचा हे त्याचा हात धरून दाखवावे.