खुंटी, भोक आणि रेघ

यंत्रमागाच्या कारखान्यात बोलता येत नाही, ओरडावं लागतं. भिवंडीतल्या एका अरुंद गल्लीत, सुताच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या कारखान्यात मी मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला खुणेनंच विचारलं, हे काय? मागाच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची माळ टकटक फिरत होती. पट्ट्यांना ओळीनं भोकं, काहींत खुंट्या ठोकलेल्या, काही रिकामी. तो कानाशी आला. "डॉबी. खूँटी है तो उठेगा, नहीं तो नहीं उठेगा."

उठणार ती वही, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून ओवलेले असतात ती चौकट. भिवंडीतल्या बहुतेक मागांना एवढंही लागत नाही. त्यांच्यावर साधं ग्रे कापड निघतं: निम्मे धागे वर, निम्मे खाली, मधून धोटा, मग उलट. काठाला बारीक नक्षी हवी असेल तर डॉबी बसवतात. फुलं, वेली, कोयऱ्या हव्या असतील तर मात्र जकार्ड.

जकार्डमध्ये खुंटीच्या जागी पुठ्ठ्याचं कार्ड येतं. कार्ड सुयांच्या रांगांवर दाबलं जातं. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिचा आकडा वर उचलला जातो, आकड्याबरोबर धागाही. भोक नसेल तिथं सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्ड यानं १८०४ मध्ये हे यंत्र उभं केलं. सगळं श्रेय त्याच्या नावावर गेलं असलं, तरी त्याच गावात बाझील बूशों यानं १७२५ मध्येच भोकं पाडलेला कागद मागाला लावला होता.

१८३९ मध्ये याच पद्धतीनं खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजनं मिळवली. पाहुण्यांना ते छापील चित्र वाटायचं आणि त्याला त्याची मोठी गंमत वाटे. त्यानं आखलेल्या ॲनॅलिटिकल इंजिन या गणनयंत्रालाही अशीच कार्डं लागणार होती. ते यंत्र पुरं झालंच नाही.

इथून पुढे माग ते संगणक अशी सरळ रेघ ओढायचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला होता. पण १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी भोकांची कार्डं वापरणाऱ्या हर्मन होलेरिथनं मागाचं नाव नाही घेतलं, त्यानं रेल्वेच्या कंडक्टरचं घेतलं. हा कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाच्या केसांचा रंग, नाकाची ठेवण नोंदवायचा, म्हणजे तिकीट दुसऱ्याच्या हाती गेलं तर कळावं. होलेरिथची कंपनी १९११ मध्ये इतरांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं.

गल्लीतून बाहेर पडून माणकोलीकडे निघालो. रस्ता मोकळा असेल तर लवकर पोचता येतं, तो नसतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांच्या भातशेतीवर आता पत्र्याची गोदामं आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जमीन, शेजारी नाशिकचा महामार्ग, आवाक्यात उरणचं जेएनपीटी बंदर. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. तुम्ही रात्री अंथरुणात पडून मागवलेला चार्जर इथल्याच एखाद्या रॅकवरून उतरलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

गोदामात ठक-ठक नाही, पिक-पिक आहे. हातातल्या गनचा लाल किरण बारकोडच्या रेघांवर पडतो आणि खोक्याचं नाव-गाव कळतं. या रेघांची कल्पना नॉर्मन वुडलंडला मायामीच्या किनाऱ्यावर सुचली. त्याला मोर्सचे टिंब-रेघ येत होते. वाळूत बोटं रुतवून त्यानं ते खाली ओढले आणि त्यांच्या बारीक-जाड पट्ट्या झाल्या. पेटंट मिळालं १९५२ मध्ये. स्वस्त लेझर आणि संगणक येईपर्यंत ते पडून राहिलं. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं एक पाकीट दुकानात पहिल्यांदा स्कॅन झालं. किंमत ६७ सेंट.

आता घरातला बिस्किटाचा पुडा घ्या. रेघांखाली बहुधा ८९० नं सुरू होणारे तेरा आकडे असतील. ८९० म्हणजे भारतात बनलेला माल, असा निरोप दर दिवाळीला मोबाइलवर फिरतो. तो खोटा आहे. कंपनीनं क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठेही बनलेला असू शकतो. आणखी एक: त्या पहिल्या ८ ला स्वतःची रेघच नाही! अमेरिकी पद्धत बारा आकड्यांची होती, युरोपला तेरावा हवा होता. मग पुढचे सहा आकडे कोणत्या ढंगानं छापले आहेत, त्यातच पहिला आकडा लपवला.

शेवटचा आकडा राखणदार. समजा क्रमांक ८९०१२३४५६७८९ आहे. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा: २८. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढची दहाची पटही तीच, म्हणून तेरावा आकडा शून्य. टाइप करताना शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर हिशेब चुकतो आणि यंत्र नकार देतं. फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल, जसे १ आणि ६, तर राखणदार झोपलेला असतो.

परतताना कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. काचेवरचा क्यूआर कोड चहाच्या शिंतोड्यांनी आणि भुकटीनं निम्मा मळलेला. जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारानं १९९४ मध्ये तो बनवला तेव्हा कारखान्यातली घाण धरूनच बनवला; मजकुराचा जवळपास तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येईल अशी सोय त्यात ठेवता येते. जॉबरनं मोबाइल धरला, टपरीवरच्या डब्यानं वीस रुपये आल्याचं मोठ्यानं सांगितलं.

साध्या मागाला ही सवलत नाही. ताण्याची एक तार तुटली तरी त्याला कळत नाही, तो विणतच राहतो. माणसानं पाहायचं, थांबवायचं, गाठ मारायची. ग्लास ठेवून जॉबर तेच करायला आत गेला.