डोल जाळे

वैतरणा नदी त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि पालघर जिल्ह्यातील अर्नाळा गावाजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी एक लहानसे बेट असून त्यावर जुना किल्ला आहे. गावात व बेटावर कोळी लोकांची वस्ती आहे. त्यांचा दिवस सूर्यापेक्षा चंद्राच्या तंत्राने चालतो. याचे कारण डोल जाळे.

डोल म्हणजे एक लांबलचक पिशवीच होय. तिचे तोंड रुंद. पुढे ती निमुळती होत जाते व शेवटचे टोक दोरीने बांधलेले असते. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना हे जाळे प्रवाहाकडे तोंड करून बांधतात. येथे कोळी माशांचा पाठलाग करीत नाही. वाहते पाणीच मासे आणून देते. बोंबील, मांदेली, जवळा यांना जोराच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसते. मात्र पाणी फिरण्यापूर्वी जाळे उचलावे लागते, नाहीतर हाती आलेले मासे निसटून जातात.

म्हणून भरतीची वेळ अचूक ठाऊक हवी. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे कळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता भरती! अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा प्रवाह जोराचा व डोलीची कमाईही मोठी. अष्टमीच्या सुमारास पाण्याला ओढ नसते. त्यास भांग म्हणतात.

बोंबील फार पाणीदार मासा. तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात व उन्हात वाळवितात. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

डोलीचा एक दोष आहे. तिला निवड करता येत नाही. जवळ्यासाठी टोकाकडील वीण बारीक ठेवावी लागते, आणि त्या विणीत पापलेटाची पिल्लेही अडकतात. ती अंडी घालण्याजोगी होण्यापूर्वीच बाजारात जातात. रुपेरी पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी सरकारने अनेक जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम आहे. वीण मोठी केली तर जवळा निसटतो. आणि लहान पापलेट परत पाण्यात सोडले, तरी जाळे वर येईपर्यंत ते बहुधा मेलेलेच असते.