मनाची भूक

जेवणाआधी चॉकलेट खाल्लेले मूल ताटाकडे पाहत नाही. मनाच्या भुकेचेही तसेच होते, असे मला वाटते.

१९५४ साली जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विद्युताग्रे बसवली. कळ दाबताच मेंदूतील सुखकेंद्र उद्दीपित होई, आणि उंदीर ती पुनःपुन्हा दाबत राहिले. पुढील प्रयोगांत तर काही उंदीर अन्न समोर असूनही कळीपाशीच थांबले. माणूस उंदीर नव्हे; तरी विनासायास मिळणारे सुख पोषणाची इच्छा कशी मारते, हे त्यातून उमगते.

आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) झुमरा तालात अतिविलंबित ख्याल गात. चौदा मात्रांचे आवर्तन पुरे होईतो श्रोता समेची वाट पाही. त्या प्रतीक्षेतच राग मनात मुरे, म्हणून समेवर मान आपसूक डोले. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती सरकवण्याची सवय जडलेल्या मनाला मात्र तो अवकाश रिकामा भासतो.

रुग्णांना पथ्य सांगणाऱ्या आपण डॉक्टरांनी एक पथ्य स्वतःही पाळावे : रोज तासभर मोबाइल दूर ठेवून एखादा ख्याल वा पुस्तकाचे प्रकरण पूर्ण होऊ द्यावे. आरंभी कंटाळा येईल. तो भूक परतत असल्याचे लक्षण समजावा.