मैंदर्गीतल्या क्रीडाशिक्षकाचा एक दिवस

पहाटे 5.30
अंधारातच मुलं येतात. काळ्या मातीला भेगा पडल्यात, कडेने वेड्या बाभळी. बॉलला काटा लागला की सराव तिथंच थांबतो, म्हणून आधी सगळ्यांनी मिळून काटे वेचायचे. मग "बॉल कोडो, कोडो" (दे, दे) सुरू होतं. घरात कानडी, वर्गात मराठी, मैदानावर दोन्ही. इथला जुना खेळ कबड्डी-खोखोचा; फुटबॉल आता कुठे रुजतोय. आठवीतला एक पोरगा डेअरीला दूध घालून येतो. डावा पाय सुरेख. पास देण्याआधी मान वर करून बघतो, हे मी त्याला शिकवलेलं नाही.

सकाळी 7.00
खेळ झाला की मोजमाप. 30 मीटर धावणं, उभ्याने लांब उडी, 6 गुणिले 10 मीटरची शटल रन, 800 मीटर. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत याच चाचण्या असतात. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण आमच्याकडची खरी शिष्यवृत्ती याच वयात मिळते. प्रबोधिनीत निवड झाली की राहणं, खाणं, शाळा आणि प्रशिक्षण सरकारकडून. बारावीनंतर कॉलेजच्या खेळाडू कोट्याची वाट बघत बसलेल्या मुलाची हाताशी असलेली वर्षं निघून गेलेली असतात. हे पालकांना वेळेवर कुणीतरी सांगायला हवं, आणि या गावात ते माझं काम आहे.

सकाळी 11.00
तास, हजेरी, कवायत.

दुपारी 1.30
डबा खाताना दहावीतला एकजण मोबाईल घेऊन आला. अमेरिकेत फुटबॉल खेळून कॉलेज फुकट होतं, असा व्हिडिओ. खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्याला बसवून सांगितलं. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत मुलांच्या एका संघाला अनेक वर्षं फक्त 9.9 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पंचवीस-तीस खेळाडूंत त्या वाटल्या जायच्या, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच. 2025 मध्ये हे नियम बदलले. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं मात्र खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. आणि पहिल्या श्रेणीत खेळायचं तर शाळेतले 16 ठरावीक अभ्यासक्रम आणि किमान 2.3 ची सरासरी लागते. "म्हणजे गणित सुटत नाही, सर?" त्याने विचारलं. नाही सुटत. इथंही नाही सुटत.

दुपारी 3.00
कागद. सुब्रतो चषकाच्या तालुका फेरीची नावनोंदणी, जन्मतारखेचे पुरावे, फोटो. ही स्पर्धा 1960 पासून चालू आहे; तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. वरच्या पायऱ्यांची प्रमाणपत्रं पुढे उपयोगी पडतात: दहावी-बारावीत जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. एका मुलाच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर वेगवेगळी तारीख निघाली. आज ती दुरुस्त करायला पाठवली नाही, तर मैदानावर कितीही गोल केले तरी तो अपात्र ठरेल. फुटबॉलमधली निम्मी गुणवत्ता अशा कागदांत अडकून मरते, असं माझं मत आहे.

सायंकाळी 5.30
दोन गट करून सामना. मुली आज चार आल्या. अंधार पडायच्या आत घरी पोचतील अशा बेताने त्यांना आधी खेळवलं. मध्यंतरात मुलांना अनिकेत जाधवबद्दल सांगितलं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. कोल्हापुरात पेठापेठांत तालमींचे संघ आहेत, सामन्याला मैदान भरतं. आपल्याकडे तसं काही नाही, हेही मी लपवलं नाही. म्हणूनच इथल्या मुलाला चाचणीची तारीख आधी कळली पाहिजे.

रात्री 9.00
डाव्या पायाच्या पोराच्या वडिलांना फोन. ते दुधनीच्या बाजारात हमाली करतात, याच वेळेला निवांत सापडतात.
"सर, पुण्याला ठेवायचं म्हणजे शाळा सुटणार नाही ना?"
"नाही अप्पा, शाळा तिथंच असते."
"आणि पाय मोडला तर?"
हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. खेळ थांबला तरी शिक्षण राहील, म्हणून अभ्यासात त्याला मागे पडू देणार नाही, असं सांगितलं. निवड होईलच असा शब्द दिला नाही. ते थोडा वेळ घरात कानडीत बोलले, मग म्हणाले, काय काय आणू? जन्मदाखला, आधार आणि मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक, उद्या सकाळी मैदानावरच.