घरामागची सातेरी

मधमाश्या पाळायची हौस वाटली की माणूस सहसा पहिल्यांदा पेटीची किंमत विचारतो. त्याआधी एखाद्या अनुभवी मधपाळाशेजारी उभं राहून, चालू वसाहतीची पेटी उघडलेली पाहावी. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाचीही सोय आहे.

आपल्याकडच्या आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्यामुळे त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात शेजारीशेजारी अनेक पोळी बांधते. म्हणून तिला पेटी मानवते. पोळ्यांमध्ये ती जाण्यायेण्यापुरतीच जागा सोडते. हे अंतर पेटीत राखलं तर माश्या चौकटी एकमेकींना चिकटवत नाहीत. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये याच तत्त्वावर सुट्या चौकटींची पेटी तयार केली आणि पोळं न मोडता वसाहत तपासणं शक्य झालं.

पेटी उघडताना धूर लागतो. डंख मारणारी माशी धोक्याचा गंध सोडते, तो पिकल्या केळ्यासारखा येतो आणि इतर माश्यांना चेतवतो. धुरात तो गंध झाकला जातो. शिवाय माश्या पोटात मध भरून घेऊ लागतात आणि शांत होतात.

खरं शिक्षण चौकट हातात धरल्यावर सुरू होतं. ऊन पाठीमागून खांद्यावरून येईल असं उभं राहा आणि घरांच्या तळाशी पाहा. वर मधाची पट्टी, त्याखाली परागाची रंगीत घरं आणि मधोमध पिल्लं. एखाद्या घराच्या तळाशी बारीक पांढरं अंडं उभं दिसलं, तर राणी नुकतीच तिथून गेली आहे, कारण अंडं तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि मग त्यातून अळी निघते. अंडी दिसली की राणीला शोधत बसायची गरज नाही. सातेरीच्या नरांच्या घरांची झाकणं फुगीर असतात आणि त्यांच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं लोंबू लागली, तर वसाहत फुटायच्या बेतात आहे असं समजावं.

जांभूळ, हिरडा फुलतो तेव्हा सगळं सोपं वाटतं. कसोटी लागते पावसाळ्यात. फुलं नसतात, माश्या बाहेर पडू शकत नाहीत, मेणपतंगाच्या अळ्या रिकामं पोळं पोखरतात. उपासमार किंवा त्रास झाला तर सातेरी अख्खी वसाहत घेऊन निघून जाते. ते टाळण्यासाठी रिकामी पोळी काढून घ्या, साखरेचा पाक द्या आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवा.

सातेरीचा मध थोडाच मिळतो, व्यापार म्हणून पाहाल तर निराश व्हाल. डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर हा छंद करूच नका. बाकीच्यांनी जरूर करावा, पण पहिल्या वर्षी पेटीतला मध काढू नका. पावसाळ्यात तो माश्यांना लागतो.