फुगा, स्टेंट आणि पथ्य

अँजिओप्लास्टीचा जन्म स्वयंपाकघरातला, असं आज कुणाला सांगितलं तर थट्टाच वाटेल. पण झ्यूरिकच्या आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी अडलेली धमनी आतून रुंद करणारे सुरुवातीचे फुगे घरी, स्वयंपाकाच्या टेबलावर बनवले होते. १६ सप्टेंबर १९७७ला त्यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाची हृदयाची धमनी छाती न उघडता मोकळी केली. छातीत कळ येताच थेट नळीत शिरायची वाट तिथे खुली झाली.

त्याच सुमारास अमेरिकेत डीन ऑर्निश दुसऱ्या टोकाने निघाले होते. स्वामी सच्चिदानंदांकडे योग शिकलेल्या या डॉक्टरने रुग्णांना जवळजवळ बिनतेलाचं शाकाहारी जेवण, चालणं, ध्यान आणि सिगारेटबंदी असं कडक पथ्य लावलं. १९९०च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले आकडे बघा: वर्षभरात पथ्यवाल्यांचं ब्लॉकेज सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८वर उतरलं, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं ४२.७वरून ४६.१वर गेलं. रुग्ण मात्र पन्नासही नव्हते. शिवाय गुण आला तो आहाराचा की ध्यानाचा, हे वेगळं काढता येत नाही. आणि असं जेवण जन्मभर जेवणार कोण?

मला फ्रान्समधला लियोंचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. पहिला अटॅक येऊन गेलेले ६०५ रुग्ण. उपास नाही, उपाशीपण नाही. एका गटाला पाव, भाज्या, फळं, मासे वाढवले, मांस कमी केलं, लोणी-साय काढून मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं मार्गारिन दिलं. दोन्ही गटांचं कोलेस्टेरॉल साधारण सारखंच राहिलं, तरी नव्या आहाराच्या गटात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण इतकं घटलं की प्रयोग मुदतीआधीच थांबवला.

इकडे फुगेवालेही थांबले नव्हते. अटॅक चालू असतानाच धमनी मोकळी करणं हे गुठळी विरघळवणाऱ्या औषधांपेक्षा सरस, हे १९९३पासून दिसू लागलं. यात वाद नाही. तिथे मिनिटं मोजावी लागतात. घोटाळा पुढे झाला. स्थिर दुखणं असलेल्यांनाही, ब्लॉकेज दिसलं की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), अशी रीतच पडली. २००७चा ‘करेज’ आणि २०१९चा ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की अशांना चांगली औषधं चालू असतील, तर स्टेंटची घाई करून मृत्यू टळत नाहीत; छातीतली कळ मात्र कमी होते. कारण उघड आहे. स्टेंट एक जागा रुंद करतो, रोग सगळ्या धमन्यांत पसरलेला असतो. अटॅक तर पुष्कळदा मध्यम ब्लॉकेजचा थर फुटूनच येतो.

२०२२मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाच्या आहार-प्रयोगाचा निकाल आला. हृदयविकाराचे १००२ रुग्ण, सात वर्षं. बहुतेकांना आधीच स्टेंट घातलेले, गोळ्याही चालू. त्यावर ऑलिव्ह तेलाचा भूमध्यसागरी आहार पाळणाऱ्या गटात गंभीर घटना ८७, कमी चरबीच्या आहारगटात १११. दोन्ही गटांना आहारतज्ज्ञ वर्षानुवर्षं भेटत होते, भूमध्यसागरी गटाला ऑलिव्ह तेलही फुकट पुरवलं जात होतं. आपल्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी पानभर असते आणि आहाराची ओळ एकच: ‘तेल-तूप कमी, मीठ कमी’. किती कमी आणि त्याऐवजी काय, ते घरी डबा करणाऱ्या बाईने ठरवायचं.