गडगडाट आवरणारे हात

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात, जिम मार्शल या ड्रमवादकाच्या वाद्यांच्या दुकानात फेंडर बेसमन या अमेरिकन अ‍ॅम्पचं सर्किट नीट अभ्यासलं जात होतं. आयात अ‍ॅम्प महाग पडत आणि दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना आवाज तर तसलाच हवा असे. मार्शलच्या हाताखालचे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग वापरून त्याची नक्कल केली. नक्कल करताना पहिल्या जागेवरचा व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी नळी) बदलला. बेसमनमध्ये तिथे १२एवाय७ असे, यांनी ईसीसी८३ बसवला. त्याचा वर्धनांक १०० आहे, म्हणजे आधीच्याच्या दुपटीहून जास्त. त्या अ‍ॅम्पचं नाव जेटीएम४५. हाय-गेन, म्हणजे सिग्नल भरपूर वाढवून काढलेल्या आवाजाचा इतिहास बहुधा इथूनच सांगायला घेतात आणि पुढे तो चढत्या भाजणीनं सांगितला जातो: आणखी एक व्हॉल्व्ह, आणखी गेन, आणखी गडगडाट.

मला तो उलटा वाचावासा वाटतो. गेन वाढवणं कधीच अवघड नव्हतं. वाढलेल्या गेनचं करायचं काय, हा प्रश्न अवघड होता. पुढची ३० वर्षं जुने अ‍ॅम्प उघडून बसलेल्या माणसांनी जे खरं शोधलं, ते सिग्नल नेमका कुठे कापायचा आणि कुठे वाया घालवायचा हे.

साधा हिशेब करून पाहा. गिटारमधून साधारण ०.१ व्होल्ट निघतो असं धरू. ईसीसी८३चा एक टप्पा प्रत्यक्ष सर्किटमध्ये त्याला सुमारे ५० पट वाढवतो, म्हणजे झाले ५ व्होल्ट. दुसऱ्या टप्प्यानंतर २५०. तिसरा टप्पा सरळ जोडला तर कागदावर १२,५०० व्होल्ट येतात, पण व्हॉल्व्हला पुरवठाच मुळी तीनेकशे व्होल्टचा! म्हणजे लाट दोन्ही अंगांनी छाटली जाणार. ती छाटणी हाच तर विकृतीचा, डिस्टॉर्शनचा आवाज. पण जाड तारांचे खालचे स्वर सगळ्यात जोमानं येतात, तेच आधी छाटले जातात आणि वरच्या स्वरांना गिळून टाकतात. सूर मऊ पडतो, जलद वाजवलं की सगळा लगदा होतो. वर शिट्टी आणि खरखर असतेच.

यावरचा पहिला उपाय खुद्द मार्शलच्याच अ‍ॅम्पमध्ये हळूच शिरला. सुरुवातीच्या मॉडेलांत पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर २५० किंवा ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे, त्यातून खर्ज पुरेपूर वाढे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मार्शलच्या सुपर लीड या मॉडेलच्या तिखट चॅनेलवर त्या जागी ०.६८ मायक्रोफॅरडचा आला. खर्ज विकृतीच्या आधीच पातळ झाला. या जुन्या मार्शलच्या ज्या ‘प्लेक्सी’ आवाजासाठी लोक आज जीव टाकतात, त्याचं मोठं श्रेय या काटछाटीला आहे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ नावाचा दुरुस्तीवाला फेंडरचे छोटे प्रिन्सटन अ‍ॅम्प पोखरत होता. पहिला केला तो एका मित्राची, कंट्री जो अँड द फिश या बँडच्या बॅरी मेल्टनची गंमत करायला. १२ वॅटच्या खोक्यात मोठे ट्रान्सफॉर्मर, बेसमनच्या धर्तीचं सर्किट आणि १२ इंची स्पीकर. दुकानात आलेल्या कार्लोस सान्तानानं तो वाजवला आणि स्मिथच्या या खोक्याला ‘बूगी’ हे नाव मिळालं. पण त्याचं मोठं काम पुढचं आहे. ली मायकल्स या वादकासाठी प्रीअ‍ॅम्प बनवताना त्यानं एक जादा टप्पा घातला आणि टप्प्याटप्प्यावर वेगवेगळी व्हॉल्यूमची बटणं ठेवली. आता वाजवणाऱ्यालाच ठरवता येऊ लागलं की कुठला टप्पा किती भरायचा. पॉवर व्हॉल्व्ह न पिळवटता, खोलीत मावेल एवढ्या आवाजात लांबणारा स्वर मिळू लागला. याच वाटेवरचा त्याचा मार्क टू-सी प्लस मेटॅलिका या बँडनं १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’साठी वापरला.

१९७५ साली मार्शलनं २२०३ आणला. या सर्किटवर मी फिदा आहे. त्यात एकही व्हॉल्व्ह वाढवलेला नाही. जुन्या सुपर लीडमध्ये पहिल्या ईसीसी८३चे दोन अर्धे दोन चॅनेलसाठी शेजारी-शेजारी काम करत. २२०३मध्ये ते एकामागे एक जोडले. मग दुसऱ्या अर्ध्याच्या कॅथोडवर नेहमीच्या २.७ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर घातला. त्यानं व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडण्याच्या काठावर राहतो: लाटेची एक बाजू लवकर छाटली जाते, दुसरी बरीच मोकळी सुटते, आणि त्या टप्प्याचा गेनही घटतो. तिसऱ्या टप्प्यापूर्वी ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिग्नल निम्म्यावर आणतात, आणि वरच्या रेझिस्टरशी समांतर असलेला ४७० पिकोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर तीव्र स्वरांना तेवढी वाट देतो. जोडणी वाढवली ती एकच, बाकी सगळी रोखथाम. पुढे १९८१ पासून हेच सर्किट जेसीएम८०० या नावानं जगभर गेलं.

तरी १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसला तेवढ्यानं भागेना. १९७८ साली व्हॅन हेलनचा पहिला अल्बम आला आणि प्रत्येकाला त्यांच्या गिटारवादकाचा, एडी व्हॅन हेलनचा आवाज हवासा झाला. एडी आपल्या जुन्या सुपर लीडला व्हॅरिअ‍ॅक या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून भिंतीतल्या सॉकेटपेक्षा कमी, सुमारे ९० व्होल्ट देत असे. मुलाखतींत मात्र त्यानं उलटसुलट, कधी व्होल्टेज वाढवल्याचंही सांगितलं, आणि तसं वाढवणं तर अशा अ‍ॅम्पच्या जिवावरच बेततं. त्याच्या अ‍ॅम्पची देखभाल करणाऱ्या होजे अरेदोंदोकडे रांग लागली. मास्टर व्हॉल्यूम, जादा गेन टप्पा, लाट ठराविक उंचीवर छाटणारे झेनर डायोड: अरेदोंदोच्या कामात हे घटक दिसतात, पण एका अ‍ॅम्पसारखा दुसरा नसे. भाड्यानं वाद्यं देणाऱ्या एसआयआर स्टुडिओत टिम कॅसवेलनं मार्शलच्या सुपर ट्रेमोलोमधला, फारसा कुणी न वापरणारा ट्रेमोलोचा व्हॉल्व्ह गेन टप्प्याकडे वळवला. १९८७च्या ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’मधला गिटारवादक स्लॅशचा आवाज एसआयआरच्या अशाच भाड्याच्या, बदललेल्या मार्शलचा.

माइक सोल्डानोही इतरांचे अ‍ॅम्प बदलत-बदलतच घडला. १९८७ साली त्यानं एसएलओ-१०० हा स्वतःचाच अ‍ॅम्प काढला. त्यात एका टप्प्याच्या कॅथोडवर चक्क ३९ किलोओहम आहेत. मार्शलच्या १०च्या जवळजवळ चौपट! प्रचंड गेन असूनही प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो तो अशा आवरण्यामुळे. क्लॅप्टन आणि नॉप्फलर यांच्यासारख्या संयत वादकांनीही तो घेतला, यातच त्याची पावती आहे. १९९२ साली पीव्हीचा ५१५० आला आणि त्याच सुमारास स्मिथच्या मेसा बूगी कंपनीचा ड्युअल रेक्टिफायर. दोन्हींच्या सर्किटवर सोल्डानोची छाप स्पष्ट आहे. हाय-गेन आता दुकानातून तयार मिळू लागला आणि जुना अ‍ॅम्प पोखरण्याची निकड संपली.

किंमत जुन्या अ‍ॅम्पनी मोजली. १९६०च्या दशकातल्या कित्येक मार्शलच्या चासीला जादा व्हॉल्व्हसाठी भोकं पाडली गेली, मूळ कपॅसिटर कचऱ्यात गेले. मला त्याचं दुःख होतं. पण तेव्हा ते वापरलेले, स्वस्तात मिळणारे अ‍ॅम्प होते. त्यांच्यावर हात चालवला म्हणूनच हे ज्ञान आलं. आज न छेडलेला प्लेक्सी उघडून त्यात गेन वाढवण्याला मात्र काहीच समर्थन नाही. नव्या चासीवर हवं ते सर्किट बांधता येतं आणि ईसीसी८३ स्लोव्हाकियातल्या चादत्सामधून किंवा रशियातल्या सारातोव्हमधून अजून नवे निघतात. बांधणाऱ्यानं एवढं मात्र विसरू नये: अ‍ॅम्प बंद केला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट दबा धरून असू शकतात.

आणि ज्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये अरेदोंदोचं किंवा कॅसवेलचं काम ओळखता येतं, तो ‘मूळ अवस्थेत’ आणण्याच्या हट्टालाही माझा विरोध आहे. भोक बुजवता येतं, मूळ मूल्याचे भाग परत बसवता येतात, विक्रीला किंमतही चांगली येते. पण त्या माणसांनी आपली सर्किटं कुठे नीट लिहून ठेवलेली नाहीत. त्यांनी कुठला रेझिस्टर का निवडला, हे त्या डागलेल्या सांध्यांपलीकडे कुठेच वाचायला मिळणार नाही.